रीबूटनंतर राउटिंगचे नियम टिकवायचे, तर ते कोणाच्या हवाली करावेत?

आपल्या प्रश्नाचा आशय असा : लिनक्स सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे आहेत, दुसऱ्या कार्डावर आलेल्या विनंत्यांची उत्तरे पहिल्या कार्डाच्या गेटवेने (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या राउटरने) बाहेर पडत होती, म्हणून आपण २०० क्रमांकाचे वेगळे राउटिंग टेबल (पॅकेट कोणत्या वाटेने पाठवायचे याची यादी) केले आणि ‘आयपी रूल’ (कोणत्या पॅकेटसाठी कोणते टेबल पाहायचे) व ‘आयपी रूट’ (टेबलातील वाट) या कमांडनी नियम घातले, परंतु रीबूटनंतर ते नाहीसे होतात, आणि ‘आरसी डॉट लोकल’ या बूट-स्क्रिप्टमध्ये टाकले तरी कधी राहतात, कधी राहत नाहीत.

या कमांड थेट कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) मेमरीत बदल करतात, डिस्कवर काहीच लिहीत नाहीत. त्यामुळे रीबूटनंतर नियम जाणे स्वाभाविकच आहे. ‘आरटी टेबल्स’ या फाइलमध्ये केलेली नोंद टिकते, पण ती केवळ टेबलच्या क्रमांकाला नाव देते. तेवढ्याने टेबल भरत नाही.

खरा गुंता ‘आरसी डॉट लोकल’चा आहे. ती स्क्रिप्ट बूट होताना एकदाच चालते, आणि त्या क्षणी दुसऱ्या कार्डाला पत्ता मिळालेला नसेल, तर गेटवेचा रूट घालताना ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ किंवा तशाच अर्थाची एरर येते. रूट घातला गेला, तरी पुढे कोणी तो इंटरफेस डाउन करून पुन्हा अप केला, की त्याचे रूट कर्नल काढून टाकतो, रूल मात्र तसाच राहतो. मग पॅकेट रूलला जुळते, २०० क्रमांकाचे टेबल रिकामे सापडते आणि शोध पुढे सरकून ३२७६६ या प्रायॉरिटीवरच्या (रूलचा क्रम ठरवणाऱ्या आकड्यावरच्या) मेन, म्हणजे नेहमीच्या, टेबलापर्यंत जातो. म्हणजे मूळची तक्रार परत, आणि ‘आयपी रूल शो’ पाहणाऱ्याला सर्व ठीक असल्याचा भास. याउलट ‘सिस्टमडी-नेटवर्कडी’ या नेटवर्क सांभाळणाऱ्या सर्व्हिसच्या अलीकडच्या आवृत्त्या सुरू होताना आपल्या कॉन्फिगरेशनमध्ये नसलेले रूल परके समजून मुळातच काढून टाकतात, त्यामुळे ती सर्व्हिस रीस्टार्ट झाली, की हाताने घातलेले रूल जातात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की जो प्रोग्रॅम कार्डाला पत्ता देतो, त्याच्याच कॉन्फिगरेशनमध्ये रूट आणि रूल दोन्ही लिहावेत. स्वतःची वेगळी सर्व्हिस लिहिण्याचा मोह टाळावा.

नेटप्लॅन (उबुंटूची नेटवर्क-मांडणीची पद्धत) असेल, तर त्याच्या फाइलमध्ये त्या कार्डाखाली ‘राउट्स’मध्ये डीफॉल्ट रूट ‘टेबल : २००’ असा, आणि ‘राउटिंग-पॉलिसी’मध्ये ‘फ्रॉम’, ‘टेबल’ व ‘प्रायॉरिटी’ लिहावेत. त्यानंतर ‘नेटप्लॅन अप्लाय’ऐवजी ‘नेटप्लॅन ट्राय’ चालवावे, कारण १२० सेकंदांत आपण होकार दिला नाही, तर ते जुनी मांडणी परत आणते. दूरच्या सर्व्हरवर काम करताना हा मोठाच आधार असतो. नेटवर्क मॅनेजर असेल, तर ‘एनएमसीएलआय’ या त्याच्या कमांडने कनेक्शनच्या ‘आयपीव्ही४ डॉट राउटिंग-रूल्स’मध्ये ‘प्रायॉरिटी १०० फ्रॉम १९८.५१.१००.१० टेबल २००’ अशा धर्तीचा रूल घालावा (१९८.५१.१००.१० च्या जागी दुसऱ्या कार्डाचा पत्ता; येथे प्रायॉरिटी सांगावीच लागते), डीफॉल्ट रूटही त्याच टेबलात द्यावा आणि कनेक्शन पुन्हा अप करावे. डेबियनची जुनी ‘इंटरफेसेस’ फाइल वापरात असेल, तर त्याच कमांड ‘पोस्ट-अप’मध्ये आणि त्या काढणाऱ्या कमांड ‘प्री-डाउन’मध्ये लिहाव्यात. आयपीव्ही६चे रूल सर्वत्र वेगळे लिहावे लागतात.

कार्डाचा पत्ता डीएचसीपीने (पत्ता आपोआप देणाऱ्या व्यवस्थेने) मिळत असेल, तर तो आधी कायम करून घ्यावा. पत्ता बदलल्यास जुन्या पत्त्याचा ‘फ्रॉम’ रूल कितीही नीट टिकवला, तरी निरुपयोगीच. ‘आरपी-फिल्टर’ (आलेल्या पॅकेटच्या उत्तराची वाट त्याच कार्डाने जाते का, हे तपासणारी कर्नलची सेटिंग) १ वर असेल आणि मेन टेबलाचा डीफॉल्ट रूट पहिल्या कार्डाने जात असेल, तर दुसऱ्या कार्डावर आलेली पॅकेट कर्नल टाकून देऊ शकतो. त्या कार्डासाठी २ (सैल तपासणी) ही किंमत ‘सिस्कटीएल’च्या (कर्नल-सेटिंगच्या) फाइलमध्ये लिहून ठेवावी, नाहीतर रीबूटनंतर तीही जाईल.

तपासणीसाठी ‘आयपी रूट गेट २०३.०.११३.५ फ्रॉम १९८.५१.१००.१०’ ही कमांड द्यावी (पहिला पत्ता बाहेरच्या एखाद्या यंत्राचा, दुसरा आपल्या दुसऱ्या कार्डाचा). उत्तरात दुसऱ्या कार्डाचे नाव आणि टेबल २०० दिसले पाहिजे. हीच तपासणी रीबूटनंतर, नेटवर्क सर्व्हिस रीस्टार्ट केल्यानंतर आणि ते कार्ड डाउन-अप केल्यानंतर, अशी तिन्ही वेळा करावी; डाउन-अप मात्र पहिल्या कार्डावरून लॉगिन करूनच करावे.