अर्धा तास पुरे की पूर्ण तास हवा?

वाचकांचे प्रश्न : मुलांचे संगीत शिक्षण

प्रश्न : माझी मुलगी साडेसहा वर्षांची असून पहिलीत आहे. तिला गाण्याची आवड दिसते, म्हणून घराजवळच्या एका बाईंकडे क्लास लावायचे ठरवले आहे. त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा अर्धा तास, पाऊण तास किंवा एक तास असे पर्याय असून, तासाचे शुल्क अर्ध्या तासाच्या केवळ दीडपट आहे. माझ्या सासूबाईंच्या मते अर्ध्या तासात सूर लागेपर्यंतच वेळ संपेल. पूर्वीचे शिष्य दिवसचे दिवस गुरूंच्या घरी राहत असत. आम्ही कोणता पर्याय निवडावा?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : या वयासाठी मी अर्धा तासच सुचवीन, आणि जमत असेल तर तो आठवड्यातून दोनदा घ्यावा. तासाच्या एका शिकवणीपेक्षा त्याला थोडे अधिक पैसे पडतील हे खरे, पण दर मिनिटाचा हिशेब इथे दिशाभूल करणारा ठरतो.

पहिलीतल्या मुलीच्या अर्ध्या तासात नेमके काय होते ते पाहू. पहिली पाचेक मिनिटे नीट बसण्यात आणि तानपुऱ्याबरोबर ‘सा’ लावण्यात जातात, त्यानंतर मागच्या वेळचे अलंकार, म्हणजे स्वरांच्या सरावाचे पाठ, ऐकले जातात, मग सरगमगीताची (शब्दांऐवजी सा-रे-ग-म गायच्या गीताची) किंवा सोप्या बंदिशीची एखादी नवी ओळ सांगितली जाते आणि शेवटी हातावर टाळी-खाली (तालाच्या टाळीच्या आणि रिकाम्या जागा) दाखवत तीच ओळ दोन-चारदा म्हटली जाते. एका बैठकीत या वयाचे मूल एवढेच पक्के घेऊन घरी जाऊ शकते. तासभर बसवले, तर पुढच्या तीस मिनिटांत नवीन काही फारसे शिकवता येत नाही, केवळ आवर्तने वाढतात. मुलांचा कान शरीराच्या आधी थकतो. मैदानावर दोन तास धावणारी मुलगी ‘सा’कडे तेवढा वेळ लक्ष देऊ शकत नाही, आणि लक्ष सुटले की स्वर किंचित उतरू लागतो, वरचा ‘सा’ गाठताना मान वर जाते, आवाज विनाकारण मोठा होतो. असे उतरलेले स्वर वीस वेळा घोकले गेले तर तेच गळ्यात बसतात आणि पुढे ते काढण्यात बाईंचे महिने जातात.

सासूबाईंचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गुरुगृही राहणाऱ्या शिष्याला दिवसभर तालीम मिळत नसे. बराचसा वेळ तो ऐकत असे, तानपुरा छेडत असे, घरातली कामे करत असे, आणि त्या ऐकण्यातूनच त्याचा कान तयार होई. घड्याळाच्या तासांवर आणि ठरलेल्या अभ्यासक्रमावर चालणारे गाण्याचे वर्गही काही आजचे नाहीत. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून ती पद्धत रुजवली. आपल्या पुण्यात भास्करबुवा बखल्यांनी 1911 मध्ये सुरू केलेला भारत गायन समाज आणि विनायकराव पटवर्धनांनी 1932 मध्ये स्थापन केलेले गांधर्व महाविद्यालय या संस्थांमधून कित्येक पिढ्या अशाच वर्गांत शिकल्या. तेव्हा सासूबाईंना हवी असलेली दीर्घ संगत क्लासच्या शुल्कात शोधण्याऐवजी घरी ऐकण्यातून द्यावी. संध्याकाळी स्वयंपाक चालू असताना भूप किंवा दुर्गा रागाची एखादी चांगली ध्वनिमुद्रिका लागलेली असावी, डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला नेऊन तासाभरानंतर, कंटाळा येण्याआधीच, घरी आणावे. यासाठी सासूबाईंइतके योग्य माणूस घरात दुसरे नसावे.

शिकवणी किती मिनिटांची असावी हे वयापेक्षाही घरच्या रियाजावरून ठरवावे, असे माझे मत आहे. एका शिकवणीत दिलेले काम पुढच्या शिकवणीपर्यंत घरी घोटून झाले, तरच बाई पुढचे देऊ शकतात. आपली मुलगी आठवड्यातले चार-पाच दिवस दहा-दहा मिनिटे गात असेल, तर अर्ध्या तासाची शिकवणी तिला भरपूर आहे. घरी काहीच होत नसेल, तर तासभराच्या शिकवणीत बाई केवळ मागच्या आठवड्याचे पुन्हा सांगत राहतील, म्हणजे तुम्ही तासाचे पैसे देऊन घरचा रियाज विकत घेत असाल. रियाज आपसूक वीस-पंचवीस मिनिटांवर जाऊ लागला, नेमलेले अलंकार पहिल्याच म्हणण्यात बिनचूक येऊ लागले आणि बाईंनाच वेळ अपुरा पडू लागला, की पाऊण तासाकडे वळावे. बहुतेक मुलांच्या बाबतीत ही वेळ आठ-नऊ वर्षांच्या सुमारास येते, तरी वाढदिवस झाला म्हणून मिनिटे वाढवण्याचे कारण नाही.

शिकवणीची वेळ कोणती, याकडे पालक कमी लक्ष देतात. शाळेच्या बसमधून उतरून, कर्वे रस्त्याच्या गर्दीतून भुकेल्या पोटी थेट क्लासला पोहोचलेल्या मुलीची पहिली पंधरा मिनिटे वाया जातातच. खाऊन, जरा लोळून मग सुरू झालेली अर्ध्या तासाची शिकवणी अशा घाईच्या तासापेक्षा अधिक फळते.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा असून दोन वर्षे तबला शिकत आहे. सध्या पाऊण तासाची शिकवणी असते. येत्या सत्रात त्याला गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका परीक्षेला बसवायचे असल्याने गुरुजी तासभर यायला सांगतात. घरी तो रोज अर्धा तास बसतो. तासभर बसल्यावर मनगट दुखते, अशी मात्र त्याची तक्रार आहे.
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : घरी रोज अर्धा तास वाजवणाऱ्या मुलाला तासाची शिकवणी झेपायला हवी, आणि तबल्याच्या बाबतीत गुरुजींच्या मागणीला आधारही आहे. हातोडीने तबला सुरात आणणे, हात मोकळा करणे, कायदा (ठरावीक बोलांची रचना), त्याचे पलटे म्हणजे फेरबदल व तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा), त्यानंतर लेहऱ्याबरोबर, म्हणजे साथीच्या फिरत्या धुनेबरोबर, लय सांभाळणे यात पाऊण तास कधी संपतो ते कळत नाही. परीक्षेत वाजवण्याबरोबरच ठेके (तालांचे मूळ बोल) हातावर टाळी-खाली दाखवत ठाय म्हणजे मूळ लयीत आणि दुगुणीत म्हणजे दुप्पट लयीत म्हणावे लागतात. ती पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणे, मागे राहिली, की चांगले वाजवणारी मुलेही परीक्षकासमोर अडखळतात.

मनगटाची तक्रार मात्र गुरुजींच्या कानावर घालावी. सलग साठ मिनिटे हात चालवण्याऐवजी मधली पंधरा मिनिटे पढंत आणि तोंडी प्रश्नांसाठी ठेवली, तर हाताला विसावा मिळतो आणि परीक्षेचे कामही होते. तरीही दुखले, तर बैठक, तबल्याची उंची आणि बोल जोर लावून काढण्याची सवय तपासून घ्यावी. दुखणे टिकून राहिल्यास डॉक्टरांना दाखवावे आणि तोवर वाजवणे कमी करावे. मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात, त्यामुळे हे सत्र चुकले तरी फार बिघडत नाही. परीक्षा झाल्यावर पुन्हा पाऊण तासावर येण्यात कमीपणा मानू नये.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये कीबोर्डचा वर्ग सुरू होत आहे. आठ मुले, आठवड्यातून दोन दिवस, एकेक तास. मुलगा पाच वर्षांचा आहे. एकट्याने अर्धा तास शिकण्यापेक्षा हे फायद्याचे नाही का?
– एक वाचक, बाणेर

उत्तर : आठ मुलांना जागेवर बसवून वाद्ये सुरू करेपर्यंत दहा मिनिटे जातात. उरलेली पन्नास मिनिटे आठ जणांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला शिक्षकांचे लक्ष सहा मिनिटेच येते. बाकीच्या वेळात आपला मुलगा काय करत असेल, हा खरा प्रश्न आहे. गाण्याच्या समूहवर्गात तो इतरांबरोबर गात राहील, टाळी देईल, दुसऱ्याच्या चुका ऐकून शिकेल. त्यामुळे तिथे तास वाया जात नाही. कीबोर्डवर कोणते बोट कोणत्या पट्टीवर पडते, मनगट खाली पडते का, हे शिक्षकांनी जवळ बसून पाहावे लागते. चुकीची बोटे एकदा सवयीची झाली, की सुधारणे अवघड जाते.

पाचव्या वर्षी मी त्याला समूहगायनाच्या किंवा ताल शिकवणाऱ्या वर्गात घातले असते आणि कीबोर्डसाठी सहा-सात वर्षांपर्यंत थांबले असते. मग अर्ध्या तासाची वैयक्तिक शिकवणी. सोसायटीतल्या सोयीचा मोह मी समजू शकते, कारण बाणेरहून पेठांमधल्या क्लासला संध्याकाळी जाऊन येणे म्हणजे अर्धी संध्याकाळ गेली. क्लबहाउसचा वर्गच घ्यायचा असेल, तर प्रत्येक मुलाला स्वतंत्र वाद्य मिळते का आणि आठांचे दोन गट करून प्रत्येकाला अर्धा-अर्धा तास देता येतो का, हे शुल्क भरण्याआधी विचारून घ्यावे.

प्रश्न : गुरुजी पावसाळ्यात ऑनलाइन शिकवतात. तेव्हाही शिकवणी पाऊण तासाचीच ठेवावी का? मुलगी नऊ वर्षांची आहे, गाणे शिकते.
– एक वाचक, वाकड

उत्तर : पंचवीस-तीस मिनिटे पुरेत. ऑनलाइनवर आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो, त्यामुळे गुरू-शिष्यांना एकत्र गाता येत नाही आणि तबल्याची साथही जुळत नाही. एकाने गायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे असा क्रम सांभाळावा लागतो. त्यात नऊ वर्षांची मुलगी लवकर दमते. उरलेल्या पंधरा मिनिटांच्या बदल्यात गुरुजींना बंदिशीची एक ओळ संथ लयीत गाऊन ध्वनिमुद्रित करून पाठवायला सांगावे, आणि मुलीने तिच्या पट्टीतल्या, म्हणजे तिच्या ‘सा’च्या उंचीला लावलेल्या, तानपुऱ्याबरोबर ती घरी गाऊन परत पाठवावी. तानपुरा मोबाइलवर लावणार असाल तर पट्टी गुरुजींकडूनच ठरवून घ्यावी, आणि शिकवणीच्या मोबाइलवर तो वाजवू नये, दुसऱ्या मोबाइलवर लावावा.