आजोबांची मयताची गाडी प्रदर्शनात नेता येईल का?

प्रश्न: आम्ही वसईचे ख्रिस्ती. आजोबांचा शवपेट्या बनवण्याचा आणि मयत नेण्याचा धंदा होता. 1958 मध्ये त्यांनी डॉजची नुसती चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) घेऊन तिच्यावर सागवानी कोरीवकामाची, दोन्ही बाजूंना काचा असलेली शववाहिका बांधून घेतली. 1979 मध्ये पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं. जुनं इंजिन वखारीत आहे. आजोबा 1994 मध्ये वारले, नंतर आजी गेली, 2011 मध्ये वडील. आरसी अजून आजोबांच्याच नावावर आहे, पासिंग (आरटीओचं फिटनेस प्रमाणपत्र) कधीच संपलंय. मला गाडी दुरुस्त करून विंटेज रॅलीत न्यायची आहे. चुलतभाऊ म्हणतो, विकू किंवा शूटिंगला भाड्याने देऊ. आईला वाटतं, गावात कुणाचं मयत झालं तर गाडी द्यावी. एजंट म्हणतो, भंगारात घाला. काय करावं?

उत्तर: आधी एवढंच सांगतो, भंगारात घालू नका. गाडीचं वय झालं एवढ्यावरून ती मोडलीच पाहिजे असा कायदा नाही. अशी गाडी एकदा मोडली की ते लाकूडकाम परत उभं राहणार नाही. माझं मन तुमच्या बाजूचं आहे हे लपवत नाही, पण कागद तुमच्या बाजूने नाहीत. तिथूनच सुरुवात करू.

तुमच्या पत्रातला खरा पेच चुलतभाऊ नाही, आईची इच्छा आहे. शववाहिका हे कायद्याने ‘परिवहन वाहन’ आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 66 म्हणतं की फक्त मृतदेह आणि सोबतचे शोक करणारे लोक नेणाऱ्या वाहनाला परमिट लागत नाही. पण पासिंग लागतंच, आणि इतक्या जुन्या गाडीला ते दरवर्षी. कलम 56 प्रमाणे पासिंग नसलेलं परिवहन वाहन नोंदणी नसल्यासारखंच धरलं जातं. त्यामुळे आज ही गाडी चर्चपासून सिमेटरीपर्यंतसुद्धा चालवू नका. विमाही नसणार. अपघात झाला तर नुकसानभरपाई तुमच्या घरावर येईल.

दुसरी वाट 2021 च्या विंटेज नियमांची. पहिल्या नोंदणीला 50 वर्षांहून अधिक झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी या नियमांत बसू शकते. मात्र धंद्याची म्हणून नोंदलेली शववाहिका त्यात बसते का, हे आरटीओला आधी लेखी विचारून घ्या. अर्ज फॉर्म 20 मध्ये, सोबत विमा आणि जुनी आरसी. फी 20 हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला 5 हजार. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तुमच्या आजोबांचा नंबर तसाच राहील, हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र अशी गाडी रस्त्यावर आणता येते ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच. शूटिंगचं भाडं हा धंदा झाला, तो बंद. आणि मयताला गाडी देणं, अगदी फुकट दिली तरी, या यादीत कुठेच नाही. म्हणजे गाडी एक तर शववाहिका राहील, नाही तर विंटेज. माझा सल्ला विंटेजचा, कारण दर आठवड्याच्या कामाला ही गाडी आता टिकणार नाही. आईला हे आधी समजावून सांगा आणि मगच अर्ज करा.

आता ‘मूळ रूप’. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात बदल झाला की नियम त्याला मोठी दुरुस्ती मानतात आणि गाडी बाद होते. बॉडी खास बांधून घेतलेली आहे म्हणून घाबरू नका. ती पहिल्या नोंदणीच्या आधी चढवली असेल, तर तेच तिचं मूळ रूप. हे सिद्ध करायला आरसीवरचा ‘बॉडीचा प्रकार’ हा रकाना, सुताराचं किंवा गॅरेजचं बिल आणि जुने फोटो लागतील. घराघरांत मयताचे फोटो काढलेले असतात. नातेवाइकांकडे मागा, त्यांत गाडी नक्की सापडेल. कोरीवकाम डागडुजी करून जपा, नव्याने घडवू नका.

अडचण डिझेलची आहे. सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा (गाडीत फेरफार करण्याबाबतचं कलम) अर्थ लावताना मूळ रचनेतल्या बदलांबाबत कडक भूमिका घेतली. 1979 चा बदल आरसीवर चढवला असेल तरी मी त्यावर विसंबणार नाही. वखारीतलं इंजिन बाहेर काढा, त्यावरचा नंबर आरसीशी ताडून बघा, आणि तेच परत बसवून आरसीवरचं इंधनही त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. नंबर जुळला तर अर्धी लढाई जिंकलात.

मालकीचं म्हणाल तर मृत्यूनंतर 30 दिवसांत कळवून तीन महिन्यांत फॉर्म 31, म्हणजे गाडी वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज, द्यायचा असतो. तुम्हाला उशीर झालाय, दंड भरावा लागेल, पण हक्क बुडालेला नाही. आजोबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो. त्यात मुलगा-मुलगी समान. तुम्ही आत्यांचा उल्लेखच केला नाहीत. दोघी-तिघी जितक्या असतील तितके हिस्से वाढतात, आणि त्या नसतील तर त्यांची मुलं येतात. तुमच्या वडिलांच्या हिश्श्यात आईचा एक तृतीयांश आहे, म्हणून ती नुसती इच्छा सांगणारी नाही, सहमालक आहे. सगळ्यांची नोटरी केलेली ना-हरकत प्रतिज्ञापत्रं घेऊन गाडी एकाच्या नावावर करा आणि चुलतभावाला त्याच्या हिश्श्याचे पैसे द्या.

विकायचीच म्हणाला तर त्याला मुंबई उच्च न्यायालयाचा 2025 चा निकाल दाखवा. 1983 मध्ये 20 हजारांना घेतलेली 1931 ची फोर्ड टूरर पुढे 21 लाखांना विकली गेली. ती वैयक्तिक वापराची वस्तू होती याचा पुरावा नव्हता, म्हणून नफा करपात्र ठरला. तुमची गाडी तर उघडच धंद्याची. विकण्याआधी सीएला विचारा.

या आठवड्यात एकच काम करा. गाडी जिथे नोंदली त्या आरटीओत आरसी पर्टिक्युलर्ससाठी (नोंदणीच्या तपशिलाचा उतारा) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एजंट नको, स्वतः जा. नोंद जुन्या रजिस्टरातच असेल तर ती ‘वाहन’ या आरटीओच्या संगणक प्रणालीत चढवायला बॅकलॉग एन्ट्रीची (जुनी नोंद नव्याने भरण्याची) मागणी त्याच अर्जात करा. तो उतारा हाती आला की इंजिन नंबरच्या फोटोसह मला पाठवा. तोवर गाडी हलवायची झाली तर ट्रेलरवरून हलवा.