समतोल, असमतोल आणि पासंगाचा दगड

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका शिक्षिकेने विचारले आहे की, विज्ञानाच्या पाठात इक्विलिब्रियम आणि नॉन-इक्विलिब्रियम अशा दोन अवस्था येतात, त्यांना 'समतोल' आणि 'असमतोल' म्हणावे काय. आणि तसे म्हटल्यास 'हवामानाचा समतोल बिघडला' हे वाक्य बरोबर ठरते काय. समतोल म्हणजे दोन्ही पारडी सारखी, हे सांगण्यात मी वेळ दवडत नाही. कोणताही कोश ते सांगतो. मात्र दुसऱ्या अवस्थेला 'असमतोल' हा शब्द चालणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. दर जूनमध्ये पर्यावरण दिनाच्या व्यासपीठावरून 'निसर्ग मुळात समतोल होता' हे वाक्य ऐकताना माझाच तोल जातो, त्याचे आणि याचे कारण एकच आहे, ते पुढे येते.

भौतिकशास्त्रातला खरा समतोल म्हणजे सगळी देवघेव मिटलेली अवस्था. बशीत ओतून विसरलेला चहा खोलीइतका गार झाला की तो समतोलात आला, आणि पिण्याच्या लायकीचाही उरला नाही. साडेपाच हजार अंश सेल्सियसच्या सूर्याकडून ऊन घेणारी आणि अवकाशाकडे सरासरी उणे १८ अंशांच्या पदार्थासारखी उष्णता टाकणारी पृथ्वी सूर्य विझेपर्यंत अशा समतोलात येणे नाही. मे महिन्यात जमीन तापते आणि समुद्र तितका तापत नाही, या विषमतेवर नैर्ऋत्य वारे ओढले जातात, सह्याद्रीला अडतात आणि मलप्रभेच्या उगमाशी कणकुंबीला धो धो कोसळून अथणीकडे पोचेपर्यंत रिते होतात. आपला पाऊस असा विषमतेचा आहे. सांख्य तत्त्वज्ञांना हे पक्के ठाऊक होते; सत्त्व, रज, तम यांची साम्यावस्था म्हणजे अव्यक्त प्रकृती, आणि त्या साम्यात क्षोभ झाला की सृष्टी सुरू. इल्या प्रिगोजिन यांना १९७७ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले तेही विषमावस्थेतूनच, म्हणजे नॉन-इक्विलिब्रियममधूनच, रचना कशा उभ्या राहतात, या विचारासाठी.

मग व्यासपीठावरच्या वक्त्याला अभिप्रेत असलेली स्थिर स्थिती कोणती? तिच्यासाठी शब्द घडवायला नको. बाजार समितीच्या आवारात तो रोज बोलला जातो. आवक-जावक. बेळगावजवळचा राकसकोप जलाशय भरला आणि वरून मार्कंडेय नदी जितके पाणी आणते तितकेच दरवाजांतून सोडले, की पातळी तसूभर हलत नाही. पाणी मात्र सारखे बदलत असते. हा समतोल नव्हे, ही बरोबरीची आवक-जावक आहे, आणि हवामान अनेक शतके जवळपास सारखे राहिले असेल तर ते असे.

आता ज्या शब्दासाठी मी लेखणी उचलली, त्याच्याकडे येतो. बेळगावच्या गणपत गल्लीत रताळी विकणाऱ्या एका बाईंच्या तागडीच्या पारड्याखाली सुतळीने बांधलेला सुपारीएवढा दगड मी लहानपणी पाहिला आणि ही मापातली चोरी असावी, असे ठरवून टाकले. बाईंनी सुतळी सोडून रिकामी तागडी उचलून दाखवली. एक पारडे खाली गेले. दगड पुन्हा बांधला तेव्हा काटा मधोमध आला. "पासंग हाय त्यो, खोट न्हवं," त्या म्हणाल्या. दोन पारड्यांतला फरक भरून काढणारे ते क्षुल्लक वजन म्हणजे पासंग, आणि 'त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' या वाक्प्रचारातली सगळी कुचेष्टा त्या सुपारीएवढ्या दगडात आहे: समोरच्या पारड्यात बसण्याची गोष्ट सोडाच, खालच्या दगडाइतकीही तुझी योग्यता नाही. शब्द फारसी आहे. त्यातला 'संग' म्हणजे दगड, संगमरवरातला तोच. फारसीत 'पारसंग' असेही रूप आहे.

एका व्युत्पत्तीप्रेमी गृहस्थांनी मला ठणकावून सांगितले की, पासंग हा 'पाषाणा'चा अपभ्रंश होय. पाषाणाचे प्राकृतातून मराठीत आलेले रूप 'पाहाण' आहे. त्या 'ण'चा अनुस्वारासह 'ग' कोणत्या नियमाने झाला, हे विचारताच त्यांनी विषय भाषाशुद्धीकडे नेला. फारसी म्हणून पासंग टाकायचा, तर तराजू, दुकान आणि बाजारही टाकावे लागतील; मग गृहस्थांनी रताळी घ्यायला कुठे जावे?

माझे म्हणणे असे की, आजच्या हवामानाचे वर्णन करायला पासंगाइतका नेमका शब्द मराठीत दुसरा नाही. पृथ्वी दर चौरस मीटरला सरासरी सुमारे २४० वॅट ऊन शोषते आणि जवळपास तितकीच उष्णता परत सोडते. २००६ ते २०१८ या काळात आवक जावकीपेक्षा सरासरी ०.७९ वॅटने जास्त होती, म्हणजे हजारात सव्वातीन भागांच्या आसपास. उद्योगयुगापूर्वी हवेत दहा लाखांत सुमारे २८० भाग असलेला कार्बन डायऑक्साइड आता ४२० च्या वर गेला, म्हणून जावक अडली आणि तिचे पारडे हलके पडले. पृथ्वी त्या पारड्याला स्वतःच दगड बांधते आहे: तापलेली वस्तू अधिक उष्णता सोडते, म्हणून जावक आवकीला गाठेपर्यंत तिला तापावेच लागते. तापमानवाढ हाच तो पासंग. काटा मधोमध यायला उशीर लागतो, कारण जादा उष्णतेतला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग आधी समुद्र गिळतो.

राहिला मूळ प्रश्न. 'असमतोल' या शब्दात तक्रार आहे; 'प्रादेशिक असमतोल' म्हणताना आपण कोणावर तरी बोट ठेवत असतो. नॉन-इक्विलिब्रियममध्ये तक्रार नाही, म्हणून तिथे 'विषमावस्था' लिहावे. परिभाषा ठरवणाऱ्यांनी समतोल, संतुलन आणि साम्यावस्था हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरात राहू दिले, हा त्यांचा आळस आहे. साम्यावस्था तरी उष्णतेच्या शास्त्रासाठी राखून ठेवायला हवी होती. पाठातले वाक्य 'हवामानाची जावक घटली' असे करावे. मुलांनी तरीही 'समतोल' लिहिले तर गुण कापू नयेत. शेजारच्या कन्नड फलकावर ती 'परिसर समतोलन' रोज वाचतात, तिथे परिसर म्हणजे आपले पर्यावरण, आणि तोल हा तर दोन्ही भाषांत एकाच तुलेचा आहे.