टाकीतलं पाणी किती आणि कधी बदलावं?

प्रश्न : आमच्याकडे २ × १ × १ फुटांची काचेची टाकी आहे, त्यात चार गोल्डफिश. महिन्यातून एकदा सगळं पाणी काढून टाकी, खडे, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतो. तरी धुतल्यावर दोन-तीन दिवसांत पाणी दुधाळ होतं आणि मासे वर येऊन तोंड उघडतात. असं का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : स्वच्छताच नडतेय. माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. स्पंज आणि खड्यांवरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने तेच मरतात, मग अमोनिया साठतो. पाणी दुधाळ होतं ते नव्याने वाढलेल्या मोकळ्या जिवाणूंमुळे.

तुमच्या टाकीत खडे वगळता साधारण ४५ लिटर पाणी मावतं. दर आठवड्याला १२ ते १५ लिटर, म्हणजे एक बादली, सायफनच्या नळीने तळाशी धरून काढा. खड्यांतली घाणही त्यातच येते. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा, बस्स. साबण तर टाकीच्या आसपासही नको.

भरायचं पाणी आदल्या दिवशी बादलीत एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवा, किंवा अँटिक्लोर (क्लोरीन घालवणारं औषध) पाकिटावरच्या प्रमाणात घाला. नाशिकच्या थंडीत गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी फार गार असतं. ते घरात ठेवून माशांच्या टाकीच्या तापमानाला येऊ द्या. उन्हाळ्यात पाणी आटलं म्हणून वरून भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे, क्षार मागेच राहतात.

आणि खरं सांगायचं तर एवढ्या टाकीत चार गोल्डफिश जास्तच. मोठी टाकी येईपर्यंत आठवड्यातून दोनदा बदला.