ब्रेक्झिटनं ब्रिटन बुडाला का? इन्सुलीच्या नाक्यावरून दिसतं तेवढं सांगतो

तुमचा प्रश्न असा आहे : एखादा देश व्यापारी गटातून बाहेर पडला की त्याच्या अर्थव्यवस्थेचं नेमकं काय होतं? ब्रेक्झिटनं, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडल्यानं, ब्रिटन बुडाला असं काही जण म्हणतात, काही म्हणतात काहीच झालं नाही. खरं काय?

मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. गोव्यात वास्कोला एका क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्याकडे, बावीस वर्षं कागद करतोय. निर्यातीचं शिपिंग बिल, आयातीचं बिल ऑफ एन्ट्री, माल कुठला ते सांगणारं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. त्यामुळे माझं उत्तर कागदाच्या बाजूनंच येणार. ब्रिटन बुडाला नाही. पण पावसाळ्यात एखादं कौल सरकलं तर पाणी काही एकदम घरात शिरत नाही, भिंत हळूहळू ओल धरते. तसं झालंय.

एक गोष्ट मात्र एका रात्रीत झाली, आणि ती आमच्या डिचोलीतही कळली. २३ जून २०१६ ला मतदान झालं, ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडायचं ठरवलं. शेजारच्या काकींचा मोठा मुलगा तेव्हा इंग्लंडमधल्या स्विंडनला होता. गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्ट करून गेलेल्यांची तिथे मोठी वस्ती आहे. पोर्तुगाल युरोपीय संघात, म्हणून त्या पासपोर्टवर तेव्हा ब्रिटनमध्ये राहता आणि काम करता यायचं. मतदानापर्यंत पौंड शंभर रुपयांच्या आसपास होता. दुसऱ्या दिवशी सात-आठ रुपये उतरला, आणि ऑक्टोबरात ८१-८२ वर आला. काकींच्या घराचा वरचा मजला अर्धा बांधून झाला होता, मुलगा पूर्वीएवढेच पौंड पाठवत होता, आणि स्लॅबचे पैसे कमी पडायला लागले. ब्रिटन तोवर युरोपीय संघातच होता, एकही नियम बदललेला नव्हता. पण चलनाचा भाव उद्याकडे बघून ठरतो. तिकडच्या लोकांना याचा फटका महागाईतून बसला. अन्न, इंधन, यंत्रांचे सुटे भाग बाहेरून घेणाऱ्या देशाचं चलन उतरलं की सगळंच महागतं, पगार मात्र त्या वेगानं वाढत नाहीत.

प्रत्यक्ष बाहेर पडणं झालं ३१ जानेवारी २०२० ला, आणि जुने नियम सुटले त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला. इथे बरेच जण गोंधळतात. म्हणतात, ब्रिटन आणि युरोपात करार झालाय, मालावर शुल्क शून्य आहे, मग अडचण कसली?

अडचण समजायची तर सावंतवाडीच्या रस्त्याला लागा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. आज साबणाची खोकी भरलेला टेंपो गोव्यातल्या पत्रादेवीहून सरळ महाराष्ट्रातल्या बांद्याला जातो, त्यासाठी त्याला कोणी अडवत नाही. दारू मात्र जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावर प्रत्येक राज्याचा कर वेगळा. म्हणून इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याच्या गाडीची डिकी अजून उघडायला लावतात. एकच रस्ता, एकच गाडी, पण साबणाला सीमा नाही आणि बाटलीला आहे. ब्रिटनचा युरोपला जाणारा माल आधी साबण होता, एक जानेवारी २०२१ पासून तो बाटली झाला. शुल्क नसेल, पण डिकी उघडते.

शून्य शुल्कही फुकट मिळत नाही. माल खरोखर ब्रिटनमध्ये झालाय हे सिद्ध केलं तरच ते मिळतं. चीनहून आणलेली पँट मँचेस्टरच्या गोदामातून आयर्लंडमधल्या डब्लिनला पाठवली तर ती ब्रिटिश ठरत नाही, तिच्यावर पुन्हा शुल्क. आमच्याकडे आफ्रिकेतला कच्चा काजू आणून इथे फोडतात, तेव्हा तो कुठला म्हणायचा यावर किती फायली झाल्यात ते मला विचारा. सामायिक बाजारात असताना ब्रिटिश कारखानदाराला हा प्रश्न युरोपच्या बाबतीत कधी पडलाच नव्हता. १९७३ पासूनची सवय. असे कागद करणारी माणसंच त्यांच्यातल्या अनेकांकडे नव्हती.

मांस, मासळी, चीझ अशा मालाचं तर आणखी अवघड. खेपेला आरोग्य प्रमाणपत्र, त्यावर पशुवैद्यकाची किंवा अधिकृत तपासनिसाची सही. जानेवारी २०२१ मध्ये स्कॉटलंडच्या मासळीवाल्यांनी निषेध म्हणून ट्रक थेट लंडनला संसदेपाशी आणून उभे केले होते. ती बातमी वाचून आमच्या ऑफिसात हसू आलं, थोडं दुष्टपणे. कारण हे दुखणं आमचं रोजचं. मागे एकदा माकुलाचा (स्क्विडचा) एक रीफर, म्हणजे गार ठेवणारा, कंटेनर युरोपातल्या एका बंदरात अडकला होता, का, तर प्रमाणपत्रावर माकुलाच्या शास्त्रीय नावात एक अक्षर चुकलं होतं. कंटेनर अडकून राहिल्याचं रोजचं डेमरेज, त्यावर तो गार ठेवणाऱ्या विजेच्या प्लगचं भाडं. चूक माझ्या हातची नव्हती, तरी त्या पंधरवड्यात मला झोप नव्हती. भारतीय निर्यातदार हे गृहीत धरून भाव सांगतो. स्कॉटलंडच्या मासळीवाल्याला आयुष्यात पहिल्यांदा ते धरावं लागलं, आणि ताज्या मासळीला पंधरवडा नसतो.

हा खर्च कोणावर पडतो ते बघा. एक कंटेनर असो की शंभर, कागद करणारा माणूस एकच लागतो. मोठी कंपनी त्याचा पगार सहज उचलते, सहा माणसांचं चीझचं दुकान नाही उचलू शकत. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी कंपन्यांचे आकडे तपासले, तेव्हा युरोपला माल पाठवणाऱ्या सुमारे १६,४०० कंपन्यांनी तो पाठवणंच थांबवलेलं निघालं. एकूण निर्यात मात्र सहा-साडेसहा टक्क्यांनीच कमी झालेली. म्हणून ‘काहीच झालं नाही’ म्हणणाऱ्यांना वरचा आकडा दिसतो, खालची दुकानं दिसत नाहीत.

कारखाने बंद पडण्याबद्दल मी जरा जपून बोलेन. स्विंडनचा होंडाचा कारखाना जुलै २०२१ मध्ये बंद झाला, साडेतीन हजारांच्या आसपास नोकऱ्या. गंमत म्हणजे स्विंडननं स्वतः बाहेर पडण्याच्या बाजूनं मत दिलं होतं. पण कंपनीनं सांगितलेलं कारण विजेवरच्या गाड्यांचं आणि जागतिक फेररचनेचं होतं, आणि त्याआधीच जपानचा युरोपशी थेट करार झाला होता, म्हणजे युरोपसाठी ब्रिटनमध्येच गाड्या करायची गरज कमी झाली होती. तेव्हा सगळं पाप ब्रेक्झिटच्या माथी मारू नये. जास्त नुकसान बंद पडलेल्या कारखान्यांपेक्षा न उघडलेल्या कारखान्यांत असतं, आणि न उघडलेल्या कारखान्याचा फोटो कोणी छापत नाही. ब्रिटनच्या अंदाजपत्रकावर नजर ठेवणारं जे स्वतंत्र सरकारी कार्यालय आहे, त्याचा दूरच्या मुदतीचा अंदाज असा : आयात आणि निर्यात, दोन्ही आत राहिले असते त्यापेक्षा १५ टक्क्यांनी कमी, आणि उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी.

आणि मिळालं काय? स्वतःचे करार करायची मोकळीक. भारताशी २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. आपल्या कोळंबीला, कपड्याला, चामड्याला तो चांगला करार आहे, मला त्याचा आनंदच आहे. पण ब्रिटन सरकारच्याच हिशेबानं त्यातून त्यांच्या उत्पन्नात भर पडणार सुमारे ०.१३ टक्का. चार गेले आणि शून्य पूर्णांक तेरा आले. म्हापशाच्या बाजारात दारातली गिऱ्हाइकं सोडून बेळगावच्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसण्यासारखं आहे हे. जवळच्याशी व्यापार जास्त होतो, कारण तो जवळ आहे. २०१६ मध्ये ब्रिटनचा निम्म्याच्या आसपास व्यापार युरोपशी होता.

पण बाहेर पडलं की बुडणारच, असंही नाही, हे गोवेकरानं तरी विसरू नये. १९५५ मध्ये भारतानं पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. गोव्याला भारताशी जोडणारी कुळे–कॅसलरॉक रेल्वे तुटली, मुंबईहून घरी येणाऱ्या पैशांवर बंधनं आली. गोवा स्वतःहून कुठून बाहेर पडला नव्हता, त्यामुळे तुलना थोडी ओढूनताणून आहे, पण शेजारचा बाजार रातोरात गेला हे खरंच. आजोबा सांगायचे, मग हॉलंडचे बटाटे आले, जपानचं सिमेंट आलं, सिलोनचा चहा आला. हे परवडलं, कारण आमच्या डिचोलीच्या डोंगरातलं लोहखनिज जपानला जात होतं. आणि १९६१ ला मुक्ती मिळाल्यावर उलट झालं : भारताची बाजारपेठ उघडली आणि आयात परवान्यांमुळे परदेशी माल दुकानांतून गायब झाला. ग्रीनलंड १९८५ मध्ये युरोपीय समुदायातून बाहेर पडलं तेव्हा त्यांच्याकडेही मासे होते, आणि तो मासा युरोपात शुल्काशिवाय जाईल अशी तजवीज त्यांनी आधी केली. दुसऱ्याला हवंच आहे असं काही तुमच्याकडे असेल तर निभतं. लंडनकडे बँका आणि वकील आहेत. वेल्सच्या मेंढपाळाकडे मेंढ्याच आहेत.

राहिली माणसं. युरोपातून येणारे कमी झाले, २०२१ च्या शरद ऋतूत ट्रकचालक मिळेनात, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. नंतर बाहेरच्या देशांतून, आपल्याकडूनही, माणसं एवढी आली की २०२३ च्या जूनपर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर नऊ लाखांच्या वर गेलं. बाहेरून येणारी माणसं कमी व्हावीत म्हणून अनेकांनी मतं दिली होती, झालं नेमकं उलट.

काकींच्या मोठ्या मुलानं ब्रिटनमध्ये राहण्याच्या हक्कासाठी ३० जून २०२१ च्या मुदतीआधी अर्ज केला, तो राहिला. धाकट्याची जन्मनोंद लिस्बनमधून व्हायला उशीर झाला, पासपोर्ट हातात आला तोवर इंग्लंडचं दार बंद. तो आता आयर्लंडला, म्हणजे अजून युरोपीय संघात असलेल्या देशात, एका गोदामात असतो. परवा काकी गेटपाशी थांबवून विचारत होत्या, ‘अरे, युरो आज कितीला आहे रे?’