सोरोकिना-विस्लोवाचं कांस्यपदक निव्वळ नशिबाचं होतं का?

तुमचा प्रश्न २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमधल्या बॅडमिंटन महिला दुहेरीच्या कांस्यपदकाबद्दल आहे. व्हॅलेरिया सोरोकिना आणि नीना विस्लोवा या रशियन जोडीला ते आयतं मिळालं, असं आपल्याकडे बरेच जण म्हणतात. मी अर्धंच मान्य करेन.

दार नशिबानं उघडलं, हे खरं. त्या गटात तिसऱ्या होत्या, म्हणजे बॅग भरायची वेळ आली होती. पण त्याच गटातल्या चीन आणि कोरियाच्या जोड्यांनी ३१ जुलैला मुद्दाम हरायचा खेळ मांडला. चीनची आणखी एक जोडी वेगळ्या गटात दुसरी आली होती. तिच्याशी फायनलआधी गाठ नको, म्हणून चीनची ही जगातली अव्वल जोडी सर्व्हिस नेटमध्ये मारत बसली! त्या सामन्यात सगळ्यात लांब रॅली चार फटक्यांची झाली. त्याच रात्री दुसऱ्या गटात कोरियाच्या आणखी एका जोडीनं आणि इंडोनेशियाच्या जोडीनंही तेच केलं. दुसऱ्या दिवशी चारही जोड्या बाद झाल्या आणि रशियाला उपांत्यपूर्व फेरीत जागा मिळाली.

पण जागा मिळणं म्हणजे पदक मिळणं नव्हे. मिळालेली संधी त्यांनी सोडली नाही. दक्षिण आफ्रिकेला २१-९, २१-७ असं हरवलं. उपांत्य फेरीत चीनच्या तियान छिंग-झाओ युनलेई समोर होत्या, ज्यांनी पुढे सुवर्ण जिंकलं. पहिला गेम १९-२१! दुसऱ्यात ६-२१ अशी वाताहत झाली, ते सोडा. मला तो पहिला गेमच महत्त्वाचा वाटतो. कांस्यपदकासाठी कॅनडाला २१-९, २१-१० हरवलं. कॅनडाही त्यांच्यासारखीच गटातून बाहेर पडून परत आलेली. आणि ही जोडी काही कुठून तरी उगवलेली नव्हती. २०१०ला मँचेस्टरमध्ये त्या युरोपच्या विजेत्या ठरल्या होत्या. ऑलिम्पिक बॅडमिंटनमधलं रशियाचं पहिलं पदक त्यांचंच.

आपल्याकडच्या रागाचं मूळ मात्र वेगळं आहे, असं मला वाटतं. ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा त्याच स्पर्धेत एका गुणाच्या फरकानं गटात अडकल्या. जपान तैवानकडून मुद्दाम हरलं, अशी भारताची तक्रार होती, ती फेटाळली गेली आणि जपानची जोडी पुढे रौप्य घेऊन गेली. त्या गटाशी रशियाचा काडीचाही संबंध नव्हता.