दोन बैठकांच्या मधले दिवस

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आपल्या विणकाम मंडळातल्या दोघी इंग्लंडमधल्या स्विंडनला गेल्या, एक दुबईला, आणि उरलेल्यांपैकी निम्म्या जणींना फोंड्यापर्यंत येणं आता झेपत नाही. म्हणून बैठक ऑनलाइन घ्यायची म्हणतेस, आणि लॉकडाऊनमध्ये आम्ही कसं जमवलं ते विचारतेस. अॅप कोणतं, वेळ किती, हजेरी घ्यावी का, या तुझ्या प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत, ती शेवटी देते. तू जे विचारलं नाहीस ते मला आधी सांगायचंय. आमचं मंडळ टिकलं ते एका बैठकीपासून दुसऱ्या बैठकीपर्यंत कोण कुणाला फोन करत होतं, त्याच्यावर.

२०२०च्या मार्चमध्ये तू शाळेत असशील. २२ मार्चचा जनता कर्फ्यू आपल्याकडे गोव्यात उठलाच नाही, तो तसाच लॉकडाऊनमध्ये गेला. सुरुवातीचे काही दिवस तर किराण्याची दुकानंही बंद होती, तिथे लोकरीचं दुकान कोण उघडणार? कदंबाच्या सरकारी बसेस बंद. माशेल, साखळी, वाळपई, लोटली इथून येणाऱ्या बायका आपापल्या घरात अडकल्या. व्हॉट्सअॅपच्या व्हिडिओ कॉलवर तेव्हा चारच जणी मावायच्या, एप्रिलच्या अखेरीला आठ झाल्या. तोवर आम्ही चार-चारच्या टोळ्या करून बसत होतो, आणि दर वेळी टोळी बदलत होतो, म्हणजे कुणी एकाच कोंडाळ्यात राहू नये. ती बदलण्याची सवय तू आजही ठेव, सगळ्या एका पडद्यावर मावत असल्या तरी.

लोकर संपली तेव्हा जुने स्वेटर उसवले. हे काम पडद्यावर एकत्र करायला फार चांगलं, कारण त्यात चुकण्यासारखं काही नसतं आणि नवखीलाही जमतं. शिवण आधी कात्रीच्या टोकाने सोडवायची, मग शेवटी बंद केलेल्या टाक्यांकडून धागा ओढत जायचा आणि खुर्चीच्या पाठीवर गुंडाळत लडी करायची. लडी चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवायची, आणि खाली थोडं वजन अडकवून टांगायची. वाळली की धाग्यातल्या वळ्या जातात. हे सगळं पावसाळ्याच्या आत उरकायचं. जूननंतर आपल्याकडे लडी चार-चार दिवस वाळत नाही आणि तिला कुबट वास धरतो. स्टीलच्या सुयाही त्या दिवसांत पुसून, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्या लागतात, नाहीतर गंज चढून फिकट लोकरीवर डाग पडतात.

आता शिकवण्याबद्दल. नव्या मुली येणार म्हणतेस, तर हे नीट वाच. कॅमेरा चेहऱ्यावर ठेवू नकोस, हातांवर ठेव. समोरून दाखवलंस तर तुझा उजवा हात तिला डावीकडे दिसतो, आणि सुलट टाका कुठून कुठे गेला हेच तिला उमगत नाही. दोन सारख्या उंचीचे डबे घे, त्यांवर लाकडी पट्टी आडवी टाक, मोबाइल पालथा ठेवून कॅमेरा पट्टीच्या कडेबाहेर काढ आणि तिच्याखाली हात धरून विण. मग तुला दिसतं तेच तिला दिसतं. डावखुरी मुलगी असेल तर मात्र उलट कर, समोरूनच दाखव. तिला ते आरशातल्यासारखं पडतं आणि ती जशाच्या तशी नक्कल करू शकते. आमच्या वाळपईच्या वहिनीला बैठकीत शेजारी बसवून कधी जमलं नव्हतं, ते मोबाइलवर समोरून बघून दोन बैठकांत जमलं. तिचा तो आनंद मला अजून आठवतो.

लोकर पांढरी किंवा पिवळी घे, जाड घे, आणि सुया आठ नंबरच्या, म्हणजे चार मिलिमीटरच्या. गडद निळ्या-काळ्यात टाके कॅमेऱ्याला दिसतच नाहीत. उजेड बाजूने येऊ दे, मागून नको.

कुणाचा टाका सुटला की ती घाबरते आणि विणकाम हातात धरून हलवते, तसा तो आणखी खाली धावतो. तू आधी एवढंच म्हण, "ठेव खाली, हात काढ." विणकाम टेबलावर सपाट ठेवायला सांग. सुटलेल्या टाक्याच्या वर आडवे धागे दिसतात, ते मोजायला लाव. मग क्रोशाची सुई खालच्या टाक्यात समोरून घालून, त्याच्या लगेच वरचा आडवा धागा आकड्यात धरून टाक्यातून ओढून घ्यायचा. मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. मोजले तितके धागे संपले की टाका पुन्हा डाव्या सुईवर. हे तू स्वतःच्या हातात करून दाखवण्यापेक्षा तिच्याकडून तोंडी करून घे. बाकीच्या बघत असतात, आणि पुढच्या वेळी त्यांच्यातलीच एखादी दुसरीला सांगते. ती सांगू लागली की तू गप्प बस.

गप्प बसण्याचं महत्त्व मला फार वाटतं. दिवाणखान्यात दहा बायका बसल्या की दोघी-दोघी शेजारी कुजबुजतात, पाच गोष्टी एकदम चालतात. पडद्यावर एका वेळी एकीलाच बोलता येतं. म्हणजे ज्यांना बोलायची सवय आहे अशा दोघींची ती बैठक होते आणि उरलेल्या हळूहळू यायच्या थांबतात, कारण न सांगता. त्यांना वाटतं आपली गरज नाही. त्यासाठी सुरुवातीला प्रत्येकीने आपलं काम कॅमेऱ्यासमोर धरायचं आणि कुठवर आलं ते एका वाक्यात सांगायचं. त्यानंतर कुणी बोललं नाही तरी चालतं. शांतता पडली की ती भरून काढायची घाई करू नकोस. सुयांचा आवाज, कुणाच्या घरातली कुकरची शिट्टी, "आवाज येता गो?" म्हणणारी लोटलीची बाई, एवढ्यातसुद्धा सोबत पुष्कळ असते. एकट्या राहणाऱ्या बायकांना त्या दिवसांत बोलण्यापेक्षा कुणीतरी समोर बसलेलं हवं असायचं.

आणि सगळ्यांचं मिळून एक काम असू दे. आम्ही पांघरूण केलं, प्रत्येकीने आपल्या घरी चौकोन विणायचे असं. टाक्यांची संख्या एकच ठरवली तर चौकोन एकसारखे येत नाहीत, कारण कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल. म्हणून माप ठरव, टाके ज्याचे त्याला ठरवू दे. पंधरा सेंटिमीटरचा पुठ्ठा प्रत्येकीने कापून घ्यायचा आणि चौकोन त्यावर ठेवून बघायचा. चौकोन गोळा झाले की मुक्या खांबाने, म्हणजे क्रोशाच्या आखूड टाक्याने जोडायचे, म्हणजे कडा भक्कम होते आणि किरकोळ फरक झाकला जातो. स्विंडनचे चौकोन पोस्टाने येतील, उशिरा येतील, तरी त्यांची जागा रिकामी ठेवूनच जोडायला घे. त्या दोघींना ते कळू दे.

२०२१चा मे महिना मात्र वेगळा होता. नऊ मेपासून संचारबंदी, घरोघर आजारी माणसं, बांबोळीच्या इस्पितळातल्या प्राणवायूच्या बातम्या. त्यातच १६ तारखेला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. झाडं पडली, खांब मोडले, कित्येक ठिकाणी वीज दिवसेंदिवस आली नाही आणि इंटरनेट गेलं. बैठक घेणं शक्यच नव्हतं. तेव्हा साध्या फोनची साखळी कामाला आली. पहिलीने दुसरीला, दुसरीने तिसरीला, शेवटचीने पुन्हा पहिलीला. एखादीने फोन उचलला नाही तर तिच्या पुढच्या बाईला करायचा आणि निरोप मागे कळवायचा, म्हणजे साखळी तिथे तुटत नाही आणि न उचलणारी लगेच लक्षात येते. माशेलच्या काकू इस्पितळात असल्याचं आम्हाला असंच कळलं. त्या परत आल्या नाहीत. पुढे त्यांच्या लेकीने कॉल केला. अर्धं झबलं सुयांवर तसंच होतं, टाके सुटतील म्हणून ती त्याला हात लावत नव्हती. सगळे टाके एका जाड दोऱ्यावर ओवून घे, दोऱ्याची टोकं बांध, मग सुया काढ, असं मी तिला सांगत गेले. ओवून झाल्यावर तिने विचारलं, "पुढे कसं विणायचं?" ती आता आपल्यातलीच आहे, तू तिला ओळखतेस.

म्हणून ही साखळी आजच लिहून काढ. अडचण आल्यावर नको. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, किंवा सत्तरी-सांगेसारख्या भागात ज्यांना नेटवर्कसाठी घराबाहेर चढण चढावी लागते, त्यांची नावं यादीत आधी घाल.

आता तुझे प्रश्न. मंडळातल्या सर्वांत वयस्क बाईला एका बोटाने उघडता येईल ते अॅप घे. झूम फुकट वापरलंस तर चाळीस मिनिटांनी बंद पडतं. पडू दे, तेवढ्यात चहा होतो, मान मोकळी होते, मग पुन्हा जोडायचं. दुपारचे चार ठेव. दुबईला तेव्हा अडीच वाजलेले असतात, स्विंडनला उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेदहा. तिकडची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीला बदलतात, तेव्हा त्या दोघींना आधी आठवण कर. हजेरी घेऊ नकोस. आली नाही तिला त्याच संध्याकाळी फोन कर, आणि का आली नाहीस असं विचारू नकोस, काय विणते आहेस ते विचार.

पहिल्या बैठकीचा वार ठरला की कळव. आठ नंबरच्या सुयांच्या जोड्या माझ्याकडे पडून आहेत, नव्या मुलींसाठी विकत घेऊ नकोस. फोंड्याला येशील तेव्हा घेऊन जा, आणि पांढरी लोकर किती लागेल तेही त्याच वेळी बघू.

तुझी,
मावशी